कापड फाटेल, शिवण उसवणार नाही

...काही करत नाही तो! अहो, काही करत नाही म्हणजे काय? वासराएवढा तो कुत्रा माझ्या उजव्या पायाला लोंबकळतोय, दातांत माझी पँट, चारही पाय जमिनीत रोवलेले, मी एका पायावर नाचतोय, आणि मालक कुठे? तर तुम्हाला सांगतो, मालक पन्नास पावलांवर, ट्रॅकसूट घातलेला, एका कानाला मोबाइल, आणि तिथून मला हात हलवून सांगतोय, "काका, घाबरू नका हां, काही करत नाही तो!" मग काय करतोय तो? माप घेतोय माझं?

मापं मी घेतो लोकांची. अडतीस वर्षं घेतोय. टेलर आहे मी, टेलर! मला नका सांगू पँटला कोण काय करतंय ते!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. म्हणजे बागेपासून. नाही, बागेच्या आधी डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, "रोज चाळीस मिनिटं चालायचं. मशीनवर बसून बसून गुडघे गंजलेत तुमचे." मी म्हटलं, "डॉक्टर, मशीन पायाची आहे, बसल्या जागी मी आजवर तुमच्या दुप्पट चाललोय." तर हिने, म्हणजे आमच्या मंडळींनी, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आमच्या घरात टेबलाखालून पाय आला की विषय संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघंही बागेत!

आणि बाग कसली हो... कुत्र्यांचं संमेलन! फाटकाशी पाटी आहे, "कुत्री बांधून आणावीत." त्या पाटीचा उपयोग काय? एकेक कुत्रा येतो, पाटीपाशी थांबतो, मागचा पाय वर करतो आणि आत जातो. रखवालदार खुर्चीवर बसून बघतो. आणि मालकांचं एकेक ऐकाल तर... एक बाई म्हणतात, "अय्या, त्याला तुम्ही आवडलात!" अहो, मी आवडलो तर माझी टोपी का खाल्ली? दुसरे एक रिटायर्ड साहेब, "टोपी घालून येऊच नका ना, त्याला टोपीचा राग आहे." म्हणजे ऊन मी खायचं, टोपी त्याने खायची! तिसरा म्हणतो, "पळू नका हां, पळालात की त्याला वाटतं तुम्ही खेळताय." चालू नको, पळू नको, टोपी घालू नको... मग मी बागेत येऊन काय करू, झाड होऊ? झाडाचं तर ते काय करतात, तेही बघितलंय मी!

आणि सगळ्यांचं भरतवाक्य एकच. काही करत नाही तो!

तर मुद्द्यावर येतो. मुद्दा म्हणजे पँट. त्या दिवशी मी कुठली पँट घातली होती, ते महत्त्वाचं आहे. राखाडी. जाड. रखवालदारांच्या गणवेशातलं उरलेलं कापड, अकरा वर्षांपूर्वी शिवलेली. इंचाला बारा टाके, बाजूच्या शिवणी दुहेरी आणि आसनाला तिहेरी. आसन म्हणजे दोन पाय जिथे जुळतात ती जागा. तुम्हाला सांगतो, आसन म्हणजे पँटचं काळीज, जगातली कुठलीही पँट दगा देते ती तिथेच. माझी देत नाही. दुकानावर पाटी आहे माझ्या हातची, "कापड फाटेल, शिवण उसवणार नाही." अडतीस वर्षांत एक माणूस ती पाटी खोटी ठरवायला आला होता, आणि त्याची पँट दुसऱ्याने शिवलेली निघाली. त्याने माफी मागितली आणि तीन शिवायला टाकल्या!

पण दिवस बदलले हो. समोर रेडिमेडवाला आला. काचेचं दुकान, आत गार हवा, बाहेर मुंडकं नसलेले पुतळे. माणसं आत जातात आणि पाच मिनिटांत पँट घालूनच बाहेर येतात. कमरेत सैल, पोटरीत तंग, पण बाहेर येतात. माझ्या मशीनवर धूळ बसायला लागली. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, पुरे आता. हल्ली कोण शिवून घेतं?" महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरलं. मशीनला गिऱ्हाईकही बघून झालं.   तरी काम नसताना मी रोज सकाळी मशीनला तेल घालत होतो. वाईट वाटत होतं, दुसरं काय. असो.

आणि तो रेडिमेडवालाही त्याच बागेत फिरायला! रोज समोरून येणार, रोज विचारणार, "काय मास्तर, चालू आहे का दुकान?" जणू काही समोर राहून याला दिसत नाही!

हं, तर कुत्रा. ट्रॅकसूटवाल्याचा. नाव काय ठेवलंय? बाळ! एवढा धिप्पाड जबडा, त्याला बाळ! तो लांबून जो सुटला तो थेट माझ्या मोहरीला. मोहरी म्हणजे पँटचं खालचं तोंड. धरली आणि लागला ओढायला. ट्रॅकसूटवाला लांबूनच, "बाळ, नाही हां करायचं असं, काकांना सोड." बाळ काय सोडतोय! ही ओरडतेय, "अहो, हाडहूड करा ना काहीतरी!" आणि मी? तुम्हाला खोटं वाटेल, अशा वेळी माणूस कुत्र्याचं गुरगुरणं ऐकतो, दात बघतो, देवाचं नाव घेतो. मी कान देऊन ऐकत होतो, 'टर्र' असं येतंय का कुठून!

कारण समोर रेडिमेडवाला उभा! चालायचा थांबून, हात मागे बांधून बघत होता. मनात म्हटलं, आज याच्यासमोर 'टर्र' झालं तर महिनाअखेरपर्यंत थांबायलाच नको, इथूनच जायचं आणि पाटी उतरवायची. पाय गेला तरी चालेल, शिवण जाता कामा नये!

आणि तेवढ्यात... खट्!  खाली बघतो तर शिवण जागच्या जागी. मग गेलं काय? कमरेचा हुक! आता हुक काही मी करत नाही, हुक बाजारातून येतो, हुकाची जबाबदारी माझी नाही. हे मी तिथल्या तिथे रेडिमेडवाल्याला ओरडून सांगितलं, "हुक आहे! हुक गेलाय! शिवण नाही!" आणि हे सांगेपर्यंत पँट घोट्यात, मी गवतात बसलेला, आणि बाळाने एक हिसडा दिला तशी बुटांवरून पँट सर्रकन बाहेर! कारण मोहरी मी रुंद ठेवतो, बूट न काढता पँट निघावी म्हणून. लोक हसायचे, जुनी फॅशन म्हणायचे. आता कळलं?

मी उभा राहिलो. वर शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. तीही मीच शिवलेली, बरं का. आणि बाळ पँट घेऊन बागेला चक्कर मारतोय, मागे ट्रॅकसूटवाला, "बाळ, दे! बाळ, शहाणा ना तू!" शेवटी त्याला पँटचा दुसरा पाय सापडला. एक पाय कुत्र्याच्या तोंडात, एक पाय मालकाच्या हातात, मध्ये माझं आसन. ताणलेलं!

ट्रॅकसूटवाल्याने हात ढिला केला. "काका, फाटेल हो!"

मी म्हटलं, "फाटणार नाही! ओढा!"

"अहो, पण काका..."

"ओढा म्हणतो ना! हातांत जीव नाही का?"

ही मागून, "अहो, चड्डीवर आहात तुम्ही!"

"असू दे! दिसत नाही का, परीक्षा चालू आहे!"

काय सांगू तुम्हाला! माणसं जमली. हास्यक्लबवाले हसायचे थांबले हो, रोज पैसे मिळाल्यासारखे हसतात, ते गप्प! रखवालदार अडीच वर्षांत पहिल्यांदा खुर्चीवरून उठला. बाळ मागे रेटतोय, ट्रॅकसूटवाला मागे रेटतोय, दोघांच्या टाचा मातीत, कापड ताणून ताणून पापडासारखं झालंय, आणि मी मध्ये वाकून, आसनाला कान लावून... एक टाका बोलेल तर शपथ! एक टाका! शेवटी बाळच दमला. त्याने तोंड उघडलं आणि ट्रॅकसूटवाला पँटसकट पाठीवर आडवा.

मी पँट उचलली, उलटी केली, आसन उन्हात धरलं आणि सगळ्यांना फिरवून दाखवलं. टाळ्या, तुम्हाला सांगतो, टाळ्या! रेडिमेडवाला पुढे आला, चष्मा लावला, शिवणीवरून बोट फिरवलं.  मग म्हणतो, "मास्तर... दोरा कुठला वापरता?" दोरा विचारतोय! अरे, हात विचार ना, हात! ऊर असा भरून आला माझा, की पँट हातात असून ती घालायची राहिली. हिने आठवण करून दिली, आणि ती कशी दिली ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता खरं तर मी ट्रॅकसूटवाल्याला फैलावर घेणार होतो. म्हटलं, "पट्टा का नाही बांधत हो याला?" तर बिचारा खिशातून पट्टा काढतो. तुटका. "चौथा आहे, काका. दर वेळी हा हिसडा देतो, टाके निघतात आणि हा मोकळा. मग मी तरी काय करणार? सगळ्यांना सांगत सुटतो, काही करत नाही तो म्हणून." मी पट्टा हातात घेतला, उजेडात धरला आणि माझं डोकंच फिरलं. इंचाला पाच टाके! पाच! वर गाठसुद्धा मारलेली नाही! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी कुत्र्यावरचा माझा राग गेला. कुत्र्याची काय चूक? ही शिवणकामाची बेअब्रू आहे! म्हटलं, "आणा त्याला दुकानात."

टेपची सवय नव्हती हो त्याला. मलाही चार पायांची नव्हती. छाती भरली अडतीस. माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, वकील, त्यांची छत्तीस आहे. तेच राखाडी कापड घेतलं, दुहेरी, छातीपाठीला धरून बसेल असं जाकीट कापलं, पाठीवर त्यातच शिवून टाकलेला पट्टा, जोडाला तिहेरी शिवण. मशीन अशी चालली, अशी चालली... महिनाभर तेल प्यायली होती ना!

आठवड्याने बागेत चाचणी. बाळ जाकीट घालून रुबाबात. ट्रॅकसूटवाल्याने पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरलेला. आणि झाडावरून एक खार उतरली. बाळ सुटला! पट्टा ताणला... आणि राहिला! टाका हलला नाही! हलला तो ट्रॅकसूटवाला. गुलाबाच्या वाफ्यातून, मेंदीच्या कुंपणातून, घसरगुंडीच्या खालून, आडवा-उभा जमेल तसा चाललाय आणि ओरडतोय, "काका! तुटत नाहीये हो हा!"

मी म्हटलं, "नाहीच तुटणार!"

"काका, थांबवा याला!"

मग मीही बाकावर नीट टेकून बसलो, हात हलवला आणि म्हटलं, "घाबरू नका हां! काही करत नाही तो!"

झालं. दुसऱ्या दिवशी माझी टोपी खाल्लेल्या कुत्र्याच्या बाई दुकानात. मग रिटायर्ड साहेब. मग ज्यांना मी कधी बघितलं नाही, असे लोक असल्या-नसल्या सगळ्या आकारांची कुत्री घेऊन. महिनाअखेर मुलगा आला दुकानाला कुलूप लावायला, तर त्याला आत पाय ठेवायला जागा नाही. पायरीवर दोन, कटिंगच्या टेबलाखाली एक, एक माझ्या खुर्चीत. मुलगा म्हणतो, "बाबा, हे काय?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक. त्यांच्यावर पाय देऊ नकोस." मशीन घ्यायला माणूस आला होता, त्याला मुलानेच परत पाठवला.  मुलाने पाटीकडे एकदा बघितलं, तेवढं पुरलं मला.

बाग? बाग काय सुंदर झालीय म्हणे आता. सगळी कुत्री बांधलेली, मालक मागून धावताहेत, त्यांच्याही तब्येती सुधारल्या. म्हणे, कारण मी कुठे जातोय? हीच जाते रोज एकटी, चाळीस मिनिटं, आणि येऊन सांगते, "किती शांत वाटतं हो!" डॉक्टर विचारतात, "चालता का?" मी म्हणतो, "मशीन चालतेय." टेबलाखालून पाय येतो.

आणि काल तर कमाल. रेडिमेडवाला! स्वतः! काखेत एक इवलीशी कुत्री, खाली मान घालून म्हणतो, "मास्तर, हिच्या मापाचं आमच्याकडे काही बसत नाही." मी टेबलावर जागा केली. टेप काढली. पाठ झाली, छाती झाली, पोट झालं, तेवढ्यात बाईसाहेबांनी माझी बाही धरली. दातांत. गुरगुर करून. रेडिमेडवाला घाईघाईने म्हणतो, "घाबरू नका, मास्तर, काही करत नाही ती!"

मी म्हटलं, "माहितीय. शेपूट जरा बाजूला धरा, आसनाचं माप राहिलंय."