तळघरातल्या दोन पाट्या

भाची : …म्हणजे लाल वाईन लाल द्राक्षांची आणि पांढरी पांढऱ्या द्राक्षांची. एवढं तर मला येतं, आत्या.

आत्या : तिथंच तर घसरलीस. हे काळं द्राक्ष घे. दाब बोटांत. रस कसला निघाला?

भाची : पाण्यासारखा. जरासा हिरवट.

आत्या : मग लाल रंग आला कुठून?

भाची : सालीतून?

आत्या : सालीतून. रस सालीसकट आठ-दहा दिवस मुरवला की रंग उतरतो. आधीच साल काढून टाकली तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाईन होते. थोडाच वेळ ठेवली तर गुलाबी. चार वाजता मालकीणबाईंसमोर ठसक्यात ‘पांढरी पांढऱ्याच द्राक्षांची’ म्हणाली असतीस, तर पाहुण्यांना तळघर दाखवायची नोकरी तिथंच संपली असती.

भाची : घाबरवू नकोस गं. बाई काय विचारतात?

आत्या : विचारतात कमी. बाटली उघडतात, ओततात आणि ‘सांग’ म्हणतात. मागच्या महिन्यात एक पोरगी आली होती. प्याला हातात घेऊन अर्धा तास बोलली, प्यायलीच नाही. बाईंनी तिला चहा पाजून वाटेला लावलं.

भाची : मी पिईन. बोलायचं काय, ते सांग.

आत्या : आधी आंबवणं सांग. रसाची वाईन कशी होते?

भाची : यीस्टमुळे. यीस्ट साखर खातं आणि तिचा मद्यार्क होतो.

आत्या : आणि वायू निघतो, बुडबुडे येतात. साखर संपली की यीस्ट गप्प. आपल्या शेजारणीसारखं, डब्यातलं गोड संपेपर्यंत बसायचं. म्हणून द्राक्ष जितकं गोड, तितका मद्यार्क चढा. थंड जागी द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकून राहतो, वाईन हलकी होते. उन्हाच्या जागी साखर भरते, वाईन अंगानं भारी होते. जगात कुठंही जा, हाच न्याय.

भाची : थांब, लिहून घेते.

आत्या : लिहू नकोस, जिभेवर ठेव. आता लेबल. दे ती बाटली, मी वाचते.

भाची : मी वाचते की.

आत्या : अक्षरं तू शिकवलीस म्हणून काय सगळी तूच वाचणार? ऐक. हे वर बनवणाऱ्याचं नाव. हे द्राक्षाच्या जातीचं. हे वर्ष. कुठलं वर्ष?

भाची : बाटली भरली ते.

आत्या : घड तोडले ते. बाटलीत वाईन दोन वर्षांनी जाईल नाहीतर चार. तिचं वय तोडणीपासून मोजायचं. हा आकडा मद्यार्काचा. आणि ही सगळ्यात खाली जागा. ‘माथ्याची बाग’.

भाची : काही देशांत म्हणे द्राक्षाचं नाव लिहीतच नाहीत, नुसती जागा.

आत्या : हो, जुनी चाल आहे त्यांची. तू कोण विचारलं तर गावाचं नाव सांगायचं. गाव ठाऊक असेल तर माणूस ओळखला, नसेल तर तुझं नशीब. आपल्याकडं दोन्ही लिहितात, कारण आपलं द्राक्ष एकच आणि बागा दोन. एक टेकडीच्या माथ्यावर, एक खाली ओढ्याकाठी. तोडणी एका आठवड्यात, पिंपं एकाच लाकडाची. तरी वाईन वेगळी.

भाची : वारा आणि ऊन.

आत्या : आता कशी बोललीस. वर वारा, रात्री गार. खाली आडोसा आणि ऊब. दोन्ही ओतल्यात. लेबलं बघून घे. डावीकडं माथ्याची, उजवीकडं ओढ्याची. आधी रंग बघ, मग प्याला फिरव, मग नाक घाल. घाई करू नकोस, पाणी पितेस का?

भाची : डावी… पिकल्या जांभळासारखी. भारी आहे. घशात गरम लागते.

आत्या : आं?

भाची : आणि उजवी हलकी आहे. तोंडाला पाणी सुटतं. दातांवर जरा तुरट.

आत्या : तुरटपणा सालीचा आणि बियांचा, तो दोन्हीत असतो. बाकी सगळं उलटं सांगितलंस. प्याले बदललेस का हातात?

भाची : नाही गं. हा बघ, डावा अजून इथंच आहे.

आत्या : मग जीभ भाजली असेल चहानं. पुन्हा घे.

भाची : घेतली. तेच. डावीच भारी आहे, आत्या. मला नाही जमायचं हे. तू बाईंना सांग, मी येत नाही म्हणून.

आत्या : आण इकडं.

भाची : हा घे, डावा.

आत्या : दुसरा दे.

भाची : काय झालं? बोल की. तोंड का असं केलंस?

आत्या : जा, तिसऱ्या कप्प्यातून एक बाटली आण. बिनलेबलाची. वर ‘माथ्याची बाग’ पाटी आहे, तिच्याखालची.

भाची : आणली. ही घे. बूच काढू?

आत्या : काढ. ओत थोडी… हीसुद्धा ओढ्याची.

भाची : पण पाटी तर माथ्याची आहे. तूच लिहिलीस ना ती? किती सुरेख अक्षर काढलं होतंस, मला बोलावून दाखवलंस.

आत्या : गप्प बस जरा. मला आठवू दे.

भाची : बसले.

आत्या : इथं लेबल लागेपर्यंत बाटल्या वर्षभर नुसत्याच आडव्या पडून असतात, बूच ओलं राहावं म्हणून. सगळ्या सारख्या दिसतात. मला वाचता येत नव्हतं तेव्हा मी ढिगावर दगड ठेवायची. माथ्याच्या ढिगावर तिथला पांढरा खडबडीत, ओढ्याच्या ढिगावर गुळगुळीत गोटा. बावीस वर्षांत एक चूक नाही. मग तू अक्षरं शिकवलीस. मी दगड फेकले आणि पाट्या लिहिल्या. भिंतीला खिळे मारून टांगल्या.

भाची : बरोबरच केलंस की.

आत्या : मग भिंतींना चुना द्यायचा निघाला. बाटल्या या भिंतीच्या त्या भिंतीला नेल्या. चुना वाळल्यावर परत आणल्या. पाट्या खिळ्यांवर, बाटल्या उलट्या बाजूला. दगड असते तर बाटल्यांबरोबर गेले असते.

भाची : लेबल लावायच्या आधी तू एक उघडून चाखतेस ना?

आत्या : चाखायची. या वेळी म्हटलं, लिहिलेलं आहे, आता चाखायचं कशाला.

भाची : किती बाटल्यांना लागलं लेबल?

आत्या : माथ्याचं चाळीस खोक्यांना. त्यातली अकरा परवा गेली, स्टेशनसमोरच्या हॉटेलात.

भाची : ओढ्याचं?

आत्या : एकच खोकं झालंय. त्यातलीच ही उजवीकडची.

भाची : हॉटेलवाल्यांना कळेल?

आत्या : लोक भूक लागली म्हणून जेवतात, वाईन नुसती सोबतीला असते. कुणी नाक नाही मुरडणार. वाईन चांगलीच आहे, नाव तेवढं दुसऱ्याचं.

भाची : मग बाईंना आत्ताच सांगून टाकू.

आत्या : ऐक माझं. चार वाजता बाई अशीच बाटली उघडतील, नव्या लेबलाची. तू म्हण, माथ्याची. हलकी, तोंडाला पाणी सुटणारी.

भाची : आणि तोंडात दुसरंच असेल.

आत्या : तोंडातलं कुणाला दिसतं?

भाची : आत्ताच म्हणालीस जिभेवर ठेव.

आत्या : म्हणाले. बावीस वर्षं मला तळघरातली बाई म्हणायचे सगळे. पाट्या लावल्या त्या दिवशी बाईंनी चारचौघांत सांगितलं, लेबलांचं काम आता आत्याबाई बघतील. आता काय म्हणतील? म्हातारपणी अक्षरं शिकली आणि होतं ते घालवून बसली. पाट्या काढून घेतील माझ्या हातातून. बाईंना नको सांगूस तू.

भाची : अगं, रडतेस काय?

आत्या : चुन्याचा वास आहे अजून.

भाची : बरं. म्हणेन मी, माथ्याची.

(चार वाजता मालकीणबाई जिना उतरून येतात.)

मालकीणबाई : आत्याबाई, तयारी झाली वाटतं. तीन प्याले आधीच मांडलेत.

आत्या : सराव चालला होता, बाई. ही माझी भाची.

मालकीणबाई : ओळखते. पत्र चांगलं लिहिलं होतंस तू. बस. ही बाटली मीच उघडते. हं. सांग.

भाची : रंग… मध्यम लाल. कडेला जरा जांभळा, म्हणजे वाईन अजून तरुण आहे.

मालकीणबाई : ठीक.

भाची : माथ्याच्या बागेची आहे. वर गार वारा असतो, द्राक्ष सावकाश पिकतं. म्हणून हलकी. तोंडाला पाणी सुटतं.

मालकीणबाई : सुटलं?

भाची : हो.

मालकीणबाई : मीही घेते… तुझ्या तोंडाला पाणी सुटलं म्हणतेस. मला तर ही जड लागते. घशात ऊब आहे. मला वाटलं, त्या वर्षी ऊन कडक होतं म्हणून असेल. तू यातलं एकही कसं सांगितलं नाहीस?

भाची : मला… तसं नाही जाणवलं.

मालकीणबाई : हे बघ मुली, तू तयारी केलीस हे दिसतं. पण तू लेबल वाचून दाखवलंस. पाहुण्यांना लेबल त्यांचं त्यांना वाचता येतं. मला चाखून बोलणारं माणूस हवंय. वाईट वाटून घेऊ नकोस.

भाची : नाही. ठीक आहे. मी येते मग.

आत्या : बस खाली.

भाची : आत्या, जाऊ दे ना.

आत्या : बस म्हणते ना. बाई, हिची जीभ चोख आहे. तासापूर्वी हिनं हीच वाईन भारी म्हणून सांगितली. जांभूळ म्हणाली, घसा गरम झाला म्हणाली. मीच तिला खोटं बोलायला लावलं.

मालकीणबाई : का?

आत्या : ही ओढ्याची आहे. लेबल माथ्याचं लागलंय. चुना दिला तेव्हा बाटल्या उलट्या लागल्या आणि मी चाखल्या नाहीत. चाळीस खोकी. अकरा बाहेर गेली.

मालकीणबाई : स्टेशनसमोर?

आत्या : हो.

मालकीणबाई : त्यांनी माथ्याची म्हणून मागवली होती. मी स्वतः शब्द दिला होता त्यांना.

आत्या : माहीत आहे.

मालकीणबाई : लेबलावरची जागा खोटी निघाली तर वरची बाकीची नावं तरी कुणी का खरी मानावीत? आणि ते झालं ते झालं, पण हिला का पढवलंत?

आत्या : लाज वाटली. दुसरं काही नाही.

मालकीणबाई : पाट्या काढा त्या. पूर्वीसारखे दगड ठेवा.

आत्या : ठेवते.

भाची : बाई, मी बोलू? दगडावर वर्ष नसतं. पुढच्या तोडणीच्या बाटल्या शेजारी आल्या की माथ्याचे दोन ढीग होतील, दोन्हींवर पांढरा दगड. तेव्हा काय करायचं?

मालकीणबाई : बावीस वर्षं काय करत होतात, आत्याबाई?

आत्या : जुन्या ढिगावर दोन दगड. तीन वर्षांची वाईन साठली एकदा, तर तळघर नदीपात्रासारखं दिसायला लागलं होतं.

मालकीणबाई : म्हणजे दगडांनीही भागत नाही. मग पाटी भिंतीवर का? पुठ्ठ्यावर लिहा आणि दोरीनं ढिगातल्या पुढच्या बाटलीच्या गळ्यात बांधा. बाटली हलली की पुठ्ठा हलेल.

आत्या : पुठ्ठे कोण लिहील?

मालकीणबाई : ज्या लिहितात त्याच. पण लेबल लावायच्या आधी प्रत्येक ढिगातली एक बाटली उघडायची. पुठ्ठ्यावर काहीही असो.

आत्या : उघडीन.

मालकीणबाई : आणि तू. सोमवारी सकाळी नऊला ये. एक महिना बघू. पाहुण्यांसमोर कुणाला वाचवायला खोटं बोललीस तर त्याच दिवशी घरी. मी वर जाऊन हॉटेलला फोन करते.

आत्या : फोन नका करू, बाई. पत्र पाठवू. अकरा खोकी बदलून देतो म्हणून. मी लिहिते.

मालकीणबाई : तुम्ही? …बरं. उद्या गाडी जाईल, तिच्याबरोबर द्या. मी न वाचता पाठवणार नाही, हे लक्षात ठेवा.

भाची : गेल्या वर. आत्या, मी सांगते, तू लिही. नाहीतर उलट करू, तू सांग, मी लिहिते. लवकर होईल.

आत्या : लवकर करायचं असतं तर फोन होता. कागद दे. ‘माथ्याची म्हणून आलेली वाईन ओढ्याची आहे.’ थांब, ‘ओढ्याची’ नीट येऊ दे… हं. पुढं?

भाची : ‘तळघरात चूक झाली’ असं लिही.

आत्या : तळघर काय उठून बाटल्या उचलतं?

भाची : असंच लिहितात गं सगळे.

आत्या : लिहीत असतील. ‘चाखायचं माझं काम होतं. मी चाखली नाही.’ बघ, कळतं का वाचून?

भाची : कळतं. आता ‘खोकी बदलून देतो’ आणि खाली नाव.

आत्या : बाईंचं?

भाची : बाईंचं कशाला? लिहिलंय कुणी? तुझं.

आत्या : माझं कधी कुठल्या कागदाखाली आलं नाही.

भाची : मग आज येऊ दे.

आत्या : जरा सरक. उजेड अडतोय.