इंजिनाची दवा

माझं माहेर चुडाव्याचं, सासर वालूरचं. निजामाच्या राजवटीत, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, पिठाच्या चक्कीवाल्याच्या घरी दिलं मला, अन् म्या त्या घराला भुलले ते नवऱ्यासाठी न्हाई, इंजिनासाठी, काय सांगू तुमाला. माहेरी जातं ओढू ओढू हाताला घट्टे पडलेले. हितं सासूबाईनं जातं पालथं घालून ठिवलेलं, म्हणल्या, इंजिन चालतंय तवर सुनंनं दळायचं न्हाई. मंग म्या येडी रोज इंजिनाला हळदकुंकू लावायची, नवऱ्याला च्या द्यायचं इसरून.

इंजिन आमचे हे चालवायचे. आत तेलाचा फवारा मोक्यावरच पडला पायजे म्हणायचे. म्या फोडणीवरून समजून घेतलं, तेल तापायच्या आधी मोहरी टाकली तर ती नुसती भिजती. फवारा सोडणाऱ्या पंपावर ह्यांनी छिन्नीनं खूण केल्ती, तिच्यावरून पंप ढळू द्यायचे न्हाईत.

एकदा हे तेलाच्या परमिटासाठी परभणीला गेले अन् इंजिन भायांच्या हाती आलं, भाया म्हंजी ह्यांचे थोरले भाऊ. त्यांनी देवगाव फाट्यावरच्या कुण्या भामट्याकडून इंजिनाची दवा आणली, त्यो म्हणला, टाकीत टाका, तेल दुप्पट पुरतंय. काय होतं तिच्यात, रंगात घालायचं टरपीन अन् कापूर. त्या घाणीला म्या अत्तर समजले, बोट बुडवून केसाला लावलं. सासूबाई म्हणल्या, घरात मांजर जळालंय का गं.

दवा पोटात गेली अन् इंजिन धापा टाकाया लागलं, काळा भुस्स धूर. भाया म्हणले, तेल उशिरा पडायलंय, पंप सरकवतो. खुणेवरून सरकवला. मंग तर आत लोहार बसल्यावानी ठोके, भिंतीचा चुना गळायला, अन् म्या दारात पदर घेऊन उभी, मनात म्हणायले, इंजिनाला बाळसं आलं. दळायला आलेली शेजारीण म्हणली, दादा, बंद करा हो, पिठाला वास मारायलाय. भाया म्हणले, तुला काय कळतंय इंजिनातलं. त्या पिठाची भाकर कुत्र्यानं हुंगून सोडली. थू.

मंग एक ठोका लय मोठा झाला अन् इंजिन गप. हे आले, उघडलं, तर आतला पिष्टन फुटलेला, अन् लढाईत तो मिळतोय कुठं. हे खुणेकडं बगत ऱ्हायले. थोरल्या भावाला उलटून बोलायची रीत न्हाई, अन् म्या तर भायांसमोर तोंडसुद्धा उघडायचं न्हाई. भाया म्हणले, इंजिनच फुसकं निघालं. सासूबाई उठल्या अन् जातं सुलटं केलं. निजाम गेला, राज्य बदललं, तरी म्या दळायलेच.

भाया वारले तवा समद्या बाया रडल्या. मला रडं येईना. धाकली जाऊ म्हणली, निदान पदर तरी डोळ्याला लाव. लावला, अन् पदराआड हासले.

आता पीठ पिशवीतून येतंय. नातसुना इचारतेत, आजी, बोटं अशी वाकडी कशानं. म्या म्हणते, भायांच्या हुशारीनं. देव तुमच्या हातांना सुखी ठिवो बाई, अन् घरातल्या एखाद्या शहाण्याला तोंडावर येडं म्हणायची ताकद देवो.