फोटोतला रिकामा गळा

"हॅलो?… कोण?… महेश्वरी व्हय. बोल.… आले, आले फोटो. चौसष्ट आले. परवापासून मोबाइल नुसता टिंग टिंग करायलाय. शेवटी हरभऱ्याची भाजी खुडायची सोडली अन चष्मा घातला."

अणदूरच्या घरात, ओसरीवरच्या दुपारच्या उन्हात महानंदा पाय पसरून बसली होती. मुलगा रुद्रेश आणि सून महेश्वरी, दोघंही सोलापुरात नोकरीला. चार दिवसांसाठी मालवणकडे समुद्र बघायला गेले होते. ते निघाले त्या दिवसापासून महानंदाचं तोंड वाकडं होतं. सुनेचा फोन येणार हे तिला ठाऊक होतं आणि ती दारूगोळा भरून बसली होती.

"काय?… सांगायचंय? आधी माझं ऐक. येळवशीला, वर्षाच्या येळ-अवसंच्या सणाला, शेतात यायला तुमाला रजा मिळंना. आंबिलीचं गाडगं म्या एकटीनं डोक्यावर नेलं. पांडवाची पूजा गड्याच्या हातनं केली. अन समुद्राला चार दिवस रजा?… न्हाय, अव्वा अव्वा करू नको. सासूला अव्वा म्हणतीस, ती अव्वा येळवशीलाबी व्हती की!… अगं ऐक ना. जेवता कुठं तिथं?… खानावळीत? तिथं त्याच तव्यावर बांगडा चरचरत असंल, अन त्याच्यावर तुमचं घावन… वेगळा तवा हाय म्हणं! त्यानं सांगितलं अन तू ऐकलंस."

पलीकडून वाऱ्याचा घोंघाट येत होता. सून मधेच काहीतरी म्हणायची आणि महानंदा ते अर्ध्यावर तोडायची. ऐकून घेणं हा तिचा प्रांतच नव्हता. उभ्या गल्लीत तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

"अन ते ताटाचे फोटो! सोलकढी, भात, उसळ. तीन फोटो नुसते ताटाचे. ताटं गच्च भरलेली, एक घास मोडलेला न्हाय. जेवायला बसलात का फोटो काढायला?… काय सांगायचंय, सांगायचंय? थांब की. अन आजचा त्यो तुझ्या नवऱ्याचा फोटो. वाळूत उकिडवा बसून खड्डे खणायलाय. चौतीस वर्षांचा बाप्या, लहान पोरावानी वाळूत खेळतो! गल्लीत कुणाला दाखवू त्यो?… अन कालचा तुझा! दोन्ही हात वर, ओढणी वाऱ्यावर, बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. शेजारच्या सारजाबाईच्या सुनेनं त्याच्याखाली लाल बदाम पाठवलाय. मला लाज वाटली."

लाज वाटली हे काही खरं नव्हतं. फोटो सुरेख होता. निळं आभाळ, त्याहून निळं पाणी, लखलखीत ऊन, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हसणारी सून. महानंदानं तो दहा वेळा उघडून बघितला होता आणि दहाही वेळा तिला राग आला होता. पण तिच्या रागाचं खरं कारण वेगळंच होतं, आणि ते तिनं मुद्दाम शेवटी राखून ठेवलं होतं.

"आता मुद्द्याचं बोलते.… गप. एक शब्द बोलू नको. म्या सगळे फोटो बोटानं मोठे करून बघितलेत. परवाच्या फोटोत रुद्रेशच्या गळ्यात लिंग हाय. चांदीची डबी छातीवर चमकायलीय. काल सकाळच्या पहिल्या फोटोतबी हाय. त्याच्यानंतर न्हाय. एकाबी फोटोत न्हाय. गळा रिकामा. कुठाय लिंग?"

त्यांच्या लिंगायत घरात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत स्वामी येऊन त्याच्या गळ्यात डबीतलं इष्टलिंग बांधत. ते गळ्यातून उतरायचं ते रोज सकाळी पूजेला तळहातावर बसण्यापुरतं. माणूस मेला की त्याच्याबरोबरच मातीत जायचं. लिंग अंगावर नसलं तर अन्न नाही, पाणी नाही, अशी महानंदाच्या घरची शिस्त. रुद्रेश नऊ वर्षांचा असताना विहिरीत पोहायला उतरला आणि डबी काठावरच्या दगडावर विसरून आला. डबी सापडून गळ्यात येईपर्यंत तिनं पोराला दिवसभर पाण्याचा घोटही दिला नव्हता. ती गोष्ट तिनं गल्लीत शंभर वेळा सांगितली होती, मोठ्या तोऱ्यात.

"शर्टाच्या आत?… शर्ट कुठाय गं त्याच्या अंगात? उघडाबंब उभा हाय की समुद्रात!… काय? दोरा तुटला? मग कुठं ठिवलं?… बॅगेत? वल्ल्या कपड्यांच्या, चपलांच्या बॅगेत? लिंग?… खोटं बोलू नको, महेश्वरी. खोटं बोलताना तू आधी 'म्हंजे' म्हणतीस. आता दोनदा म्हणालीस."

तिचा आवाज चढला तसं अंगणातलं मांजर उठून निघून गेलं.

"फोन रुद्रेशला दे.… घेत न्हाय? आईचा फोन घेत न्हाय? मग तूच सांग त्याला. लिंगाबिगर त्यानं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. ज्याला देव सांभाळता येईना, त्याला घर कशाला पायजे? अन तूबी यायची न्हाय. दोघं तिथंच ऱ्हावा, फोटो काढत!… काय?… काय म्हणालीस?… इस्पीकर चालू हाय?… त्यो ऐकायलाय?"

पलीकडून रडणं ऐकू आलं. महेश्वरी तशी रडवी नव्हती. लग्नानंतरच्या पाच वर्षांत महानंदानं तिला नाही नाही ते बोलून बघितलं होतं, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस काढता आलं नव्हतं. त्यामुळे हे रडणं ऐकून महानंदानं पसरलेले पाय जवळ घेतले.

"रडू नको. रडत बोललेलं मला कळत न्हाय.… व्हय, सांग आता.… हेच सांगायला फोन केलता?… कवाधरनं सांगायलीस व्हय. मग जोरात सांगायचं न्हाय का?… हां.… हां.… उन्हात डबी चमकायली व्हती. फोटोत पांढरा ठिपका यायला व्हता. म्हणून तू म्हणालीस, दोन मिनिटं काढा.… अन त्यानं काढलं. बायकोनं म्हणायचा अवकाश!… बरं, मग?… तुझ्या हातात दिलं.… अन तू ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलंस. चांगलं केलंस. म्याबी पदरालाच बांधलं असतं.… मग?… मग त्यो म्हणाला, आता तुझा फोटो काढतो.… अन तू हात वर… ओढणी…"

महानंदानं फोन कानापासून काढला, स्पीकर लावला आणि अंगठ्यानं चाचपडत तो फोटो पुन्हा उघडला. ओढणी शिडासारखी फुगलेली. तिच्या टोकाला लिंबाएवढी गाठ. सैल झालेली. दहा वेळा हा फोटो बघताना तिनं सुनेचे दात मोजले, उघडे दंड मोजले, पण ही गाठ काही तिला दिसली नव्हती. दोष शोधायला बसल्यावर नेमकं बघायचं तेच राहून गेलं होतं.

"गाठ दिसायलीय मला.… व्हय, फोटोत दिसायलीय.… अन तुला आठवणच ऱ्हायली न्हाय? हवेत उडवताना?… गुडघाभर पाण्यात व्हतीस.… लाट आली.… नंतर बघितलं तर गाठ मोकळी.… अगं देवा. अगं देवा महादेवा.… म्हंजे त्यो वाळूत खेळत नव्हता.… हुडकायलाय. कालपासून? चाळणीनं?… कोळ्याची पोरं पाण्यात बुड्या मारून आली… न्हाय सापडलं."

तिनं शिव्या द्यायला तोंड उघडलं. शिव्या तयार होत्या, जिभेवर रांग लावून उभ्या होत्या. पण त्यांच्या पुढं भलताच प्रश्न येऊन उभा राहिला.

"ती ताटं.… ती ताटं भरलेली का व्हती?… जेवला न्हाय.… काल दुपारी न्हाय, राती न्हाय, आज न्हाय.… अन पाणी? पाणी तरी?… पाणीबी न्हाय? काल सकाळी धा वाजल्यापासून? त्या उन्हात, वाळूत?… चक्कर आली? कवा?… मग दवाखान्यात न्यायचं न्हाय का, येडे!… येत न्हाय.… काय म्हणतो?… 'अव्वानं शिकवलंय, लिंगाबिगर थेंब न्हाय.'… असं म्हणतो?… कुणी शिकवलं म्हणून काय विचारतीस! म्याच शिकवलं. दुसरं कोण शिकवणार!"

महानंदाला भीती वाटली. साधी, सरळ भीती, पोराला ताप चढल्यावर वाटायची तशी. आणि त्या भीतीला चिकटूनच आठवलं की आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, आपणच उंबऱ्याची भाषा केली आणि ती त्याच्या कानावर पडली. शब्द मागं घेणं तिला येत नव्हतं. दिराशी तुटलं ते एका शब्दावरून, तेवीस वर्षं झाली, तो शब्द अजून तसाच उभा होता. तिचा हात स्वतःच्या गळ्यातल्या डबीवर गेला आणि तिथंच राहिला.

"रुद्रेश.… इस्पीकर चालू हाय न्हवं? मग ऐक. म्या मगाशी बोलले ते बोलले. आता हे ऐक. पाणी पी.… बोलायचं नसलं तर नको बोलू. पी.… न्हाय? मान हलवतोय, न्हाय म्हणतोय? माझ्याशी जिद्द?… अरे, नऊ वर्षांचा व्हतास तवा तुला दिवसभर कोरडा ठिवला. ते गल्लीला सांगितलं म्या. चुलीमागं बसून रडले, ते मातर कुणाला सांगितलं न्हाय. चुकलं माझं.… व्हय, चुकलं म्हणाले. परत म्हणणार न्हाय. ऐकलंस न्हवं?… रेवणसिद्ध स्वामींकडं म्या आत्ता जाते. उद्या इथं ये, ते नवं लिंग बांधतेल. तवर जे पाप लागंल ते माझ्या माथी. तुझ्या न्हाय, तिच्याबी न्हाय. माझ्या. आता पी."

महानंदा फोनवर वाकली. पलीकडं लाटा.

"महेश्वरी, पितोय का त्यो?… बाटली हातात धरलीय नुसती?… न्हाय, फोटो पाठवू नको! फोटोवर माझा इश्वास न्हाय आता. फोन त्याच्या नरड्याजवळ धर. मला घोट ऐकू आला पायजे."

महानंदानं स्पीकर बंद करून फोन कानाला दाबून धरला, दुसऱ्या कानात बोट घातलं. वारा. समुद्र. प्लॅस्टिकची बाटली चुरगळल्याचा आवाज. मग एक घोट. खोकला. मग दुसरा, तिसरा, घटाघटा.

"सावकाश! एकदम ढोसू नको, उलटी हुईल.… हां.… हां, बाळा.… आता त्याला मीठ-साखर घालून दे, महेश्वरी. अन सावलीत झोपव.… अन तू सुटलीस असं समजू नको. तुझ्याशी मला लई बोलायचं हाय. चांदीचा ठिपका आला असता फोटोत तर काय आभाळ कोसळणार व्हतं?… व्हय, चुकलंच तुझं. परत म्हण. म्हण, म्हण.… अन चूक झाली ती झाली, आज सकाळी वीस फोटो कशाला पाठवलेस? हसणारे?… म्या घाबरू नये म्हणून?… तुला वाटलं म्हातारीला कळणार न्हाय?"

कळलं नव्हतंच. रिकामा गळा तेवढा कळला होता. त्या वीस फोटोंतलं सुनेचं हसू तिला उर्मटपणाचं वाटलं होतं, आणि सारजाबाईला तसं ती सांगूनही आली होती.

"थांब. थांब, महेश्वरी. आज सकाळच्या फोटोत दोन ताटं हायेत. दोन्ही भरलेली.… तू जेवलीस का?… आजचं न्हवं, कालधरनंचं विचारायलेय.… त्यो खाईना म्हणून तूबी?… अन पाणी?… अगं, तुझ्या गळ्यात तर हाय की लिंग! तुला कुणी सांगितलं उपाशी ऱ्हायला? म्या सांगितलं व्हतं?… गप. बोलू नको. बाटली घे त्याच्या हातातनं. घेतलीस?… धर फोन नरड्याजवळ. तुझाबी ऐकणार म्या.… काय?… आवाज तुटायलाय, रेंज जायलीय.… पी आधी, मग बोल.… हॅलो?… महेश्वरी?… अगं, पिलीस का?… हॅलो?"