भिंतीपलीकडचे गृहस्थ

नाही हो, ओल नाही ती — म्हणजे ओलच आहे, पण ह्या घराची नाही, पलीकडची. हात नका लावू, पोपडा निघेल. दरवर्षी रंग देते मी ह्या भिंतीला आणि दरवर्षी ती अशीच फुगते, कारण पलीकडे तिला लागून काय काय रचलंय ते रचणाऱ्यालाच ठाऊक. गाद्या आहेत, एवढं मला दिसतं. भिजलेल्या, कुजलेल्या गाद्या — पावसात त्यांच्यावर छत्र्या उगवतात, पांढऱ्या, लिबलिबीत, गच्चीवरून पाहिल्यात मी. तो टेप ठेवा जरा बाजूला, मोजाल सावकाश, घर कुठे पळून जात नाही. एजंटनं मला बजावलंय, गिऱ्हाईकापुढे शेजारचा विषय काढायचा नाही, विचारलंच तर बंद घर आहे म्हणायचं. पण तुम्हाला नाक आहे ना? फाटकातून आत येतानाच तुमचं नाक मुरडलेलं पाहिलं मी. मग खोटं बोलून काय मिळवायचंय?

या, हे स्वयंपाकघर. ओटा बघा, एक डाग दाखवा. दिवसातून दोनदा फिनेल मारते, पायपुसणी उकळत्या पाण्यातून काढते, आणि तरी — तरी उंदीर येतातच. मोरीच्या पाइपातून येतात. जाळी बसवली, ती कुरतडली. एकदा सकाळी पिठाच्या डब्यावर — जाऊ दे, तुम्ही अजून चहासुद्धा घेतला नाहीत. तिकडे अंगणात पिंपं आहेत, पत्र्याची, गंजलेली, त्यांत हिरवं पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात वळवळणारं काहीबाही. फाटकापासून दारापर्यंत कमोडं रचलीयेत. हो, कमोडं. लोकांनी घरातून उपटून फेकलेली, फुटकी, वापरलेली, कुणी धुवायचेही कष्ट न घेतलेली. एकात मांजर व्यालं होतं. त्यातलं एक पिल्लू तिथंच मेलं आणि तो वास — आठवडाभर मला घास गिळवला नाही. राहतं का कुणी? राहतात ना, एक गृहस्थ राहतात. एकटेच. सांगत कसं नाही कुणी, सगळे सांगून थकले. नगरपालिकेची माणसं येऊन गेली, तर त्यांना शांतपणे म्हणाले, हा कचरा नाही, हा माल आहे. बोलतात हो छान, शिकलेले आहेत. कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, सगळं जिथल्या तिथे, एक बोल्ट कमी भरला तरी ह्यांना जेवण जायचं नाही —

ह्यांना म्हणाले का मी? म्हणाले असेन. तोंडात बसलेला शब्द, किती दिवस थोपवणार. मिस्टर आहेत ते माझे. अशा बघू नका, बसा. स्टुलावर बसा, पुसलेलं आहे.

ते घर त्यांच्या आत्याचं. तिला मूलबाळ नव्हतं, जाताना भाच्याच्या नावावर करून गेली. तेव्हा आम्हाला वाटलं, भाड्यानं देऊ, म्हातारपणाची सोय झाली. मग हे रिटायर झाले आणि एक दिवस कुठून तरी पंखा घेऊन आले. बंद पडलेला, एक पातं नसलेला. म्हणे कामाला येईल. मी म्हटलं, येऊ दे कामाला, पण इथं नको, तिकडे ठेवा. मग सायकलची चाकं आली, सुटकेसा आल्या, सोफा आला — त्या सोफ्यात ढेकूण, तुम्हाला सांगते, हातानं खरवडून काढावेत इतके. दिवसा तिकडे बसायला लागले. मग संध्याकाळी यायला उशीर, मग रात्रीही तिकडेच, कारण काय, तर कुणी चोरेल. काय चोरेल? कमोड? मुलगी फोनवर विचारायची, आई, तुम्ही भांडलात का गं? भांडणच तर झालं नाही कधी. भांडले असते तर कुणीतरी समजूत घालायला आलं असतं. हा माणूस रोज थोडाथोडा पलीकडे गेला, एकेक शर्ट, एकेक जोडा, दाढीचं सामान, चष्म्याची पेटी, आणि मी इकडे त्यांची रिकामी झालेली जागा धूत बसले.

जेवण? जेवण मीच देते. मधल्या कुंपणाच्या भिंतीवर ताट ठेवते, फाटकाची कडी वाजवते, ते घेतात. आधी स्टीलचं द्यायचे. परत यायचं ते — अन्न वाळून चिकटलेलं, वर एखादा केस, खाली मुंग्या. दोन बोटांत धरून आणायचे मी ते, बाहेरच्या नळावर टाकायचे, वेगळ्या काथ्यानं घासायचे. नवऱ्याचं उष्टं ताट आणि मला शिसारी यायची. मग ताटं परत येईनाशी झाली, म्हणून कागदाची प्लेट द्यायला लागले, म्हटलं खा आणि फेका. फेकत नाहीत. वाळवतात आणि एकात एक घालून ठेवतात, ही एवढी चळत झालीय.

मागच्या महिन्यात प्लेट भिंतीवर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही तशीच, कावळ्यांनी सांडलेली. हाका मारल्या, उत्तर नाही. मग गेले. नाकातोंडाला फडकं बांधून गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत चालायला जागा नाही हो, अंग चोरून तिरकं जावं लागतं, दोन्ही बाजूंना छतापर्यंत सामान, आणि पायाखाली काहीतरी मऊ, दबणारं — खाली बघितलंच नाही मी. आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. तापानं डोळे लाल, दाढी छातीपर्यंत, नखं वाढून वळलेली. अंगाला तो सगळा वास — त्या घराचा नव्हे, त्यांच्या अंगाचाच. ताप बघायला कपाळाला हात लावायला हवा होता ना? इतकी वर्षं शेजारी झोपलेय ह्या माणसाच्या. हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. जाईना पुढे. आणि मग मला उमळून आलं, तिथंच, त्यांच्यासमोर ओकले मी.

त्यांनी सगळं पाहिलं. रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बघ, तुला हे सोसत नाही. म्हणून तर मी इकडे राहतो. निदान तुझं घर तरी स्वच्छ राहतं."

मला वाटत होतं मी त्यांना टाकलंय, आणि ते समजत होते त्यांनी माझी सोय केलीय.

मुलगी आली धावत, डॉक्टर आणला, तो बिचारा दारातूनच औषधं सांगत होता. ताप उतरला. इकडे चला म्हटलं तर नाही म्हणाले. मुलगी रडली, पाया पडली, तरी नाही. मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, आई, बाबा नाही येणार, तू तरी माणसांत ये, विक हे घर आणि चल माझ्याकडे. माझ्या नावावर आहे हे, माझ्या वडिलांनी दिलेलं. मीही म्हटलं, पुरे झालं. ह्या वासात मरायचं नाही मला. भिंतीजवळ जाऊन सांगितलं त्यांना, घर विकतेय म्हणून. वाटलं, आता तरी काही म्हणतील. नको म्हणतील, नाहीतर जा म्हणतील, शिवी तरी देतील. माझ्या घराच्या खिडक्या एकेक करून न्याहाळल्या त्यांनी. मग म्हणाले, "नवे लोक दारं-खिडक्या बदलतील. जुनी फेकू नका म्हणावं त्यांना. मला हवीत."

अंगावर पाल पडावी तसं झालं मला. आजही ते आठवलं की —

घ्या, घ्या तुम्ही फोन. तुमच्या मिस्टरांचा असेल. बाल्कनीत जाऊन बोला हवं तर, तिकडे रेंज चांगली येते. मी चहा टाकते तोवर.

झालं बोलून? नाही, कान देऊन ऐकत नव्हते, पण घर लहान आहे हो, सगळं येतं आतपर्यंत. आवडलं म्हणता घर? चांगलं आहे. भाव पाडून मिळेल म्हणालात, मिळेलही, मला घाईच आहे. नगरपालिकेत तुमच्या दिरांची ओळख आहे, तेही कळलं. ट्रक लावून सगळं साफ करून घेणार. करा ना, कुणीतरी करायलाच हवं, मी तर कधीची म्हणतेय. आणि त्या घाणेरड्या म्हाताऱ्याला कुठल्यातरी आश्रमात टाकून देऊ, असं म्हणालात. असंच म्हणालात ना?

नका हो लाजू. शब्द खोटा थोडाच आहे? घाणेरडेच आहेत. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार, सगळा वेळ तेच तर सांगत होते मी तुम्हाला. पण ते मी म्हणायचं. मी त्यांची नखं कापून देत होते एके काळी, कारखान्यात ग्रीस जायचं त्यांत, निघायचं नाही. तुम्ही आज पहिल्यांदा आलात इथे आणि टाकून देऊ म्हणालात. जुना पंखा टाकावा तसं.

नाही, रागावले नाहीये. चहा? चहा राहू दे आता, गॅस बंद केला मी. विकणार ना, घर विकणारच, मुलगी वाट बघतेय. दुसरं गिऱ्हाईक बघीन. एजंटला काय सांगायचं ते मी सांगेन, तुम्ही त्रास घेऊ नका. तुमचा टेप राहिला बघा खुर्चीवर.

या. फाटक ओढून घ्या जाताना, नाहीतर मांजरं आत येतात.