सक्तीची रजा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या लेखापरीक्षण प्रमुख मॅडम, आणि भाषणं लवकर आटपावीत अशी मनोमन प्रार्थना करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मॅडमनी बँकेसाठी काय केलं? थोडक्यात सांगायचं तर लोकांना रजेवर पाठवलं. वर्षातून एकदा सलग दोन आठवडे घरी बसायचं आणि टेबलाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची. या नियमापायी त्यांना किती शिव्याशाप मिळाले ते सांगत नाही. देणारे पहिल्याच रांगेत बसलेत.

या नियमाचे पहिले मानकरी माझे वडील, हे निम्म्या सभागृहाला ठाऊक आहे. बाबा ठेव विभागात होते. कधीच रजा घेतली नाही, म्हणून याच सभागृहात त्यांचा सत्कार झाला. टाळ्या चालू असताना, तेव्हा नव्यानं आलेल्या मॅडमनी शेजारच्याला विचारलं, "हे आजारी पडले तर यांचं काम कोण बघतं?"

कोणीच बघत नव्हतं. बाबांना रजेवर पाठवलं आणि चार-दोन दिवसांतच बिंग फुटलं. म्हाताऱ्या ठेवीदारांचे पैसे ते परस्पर काढत, आणि कोणी मागायला आलं की दुसऱ्याच्या ठेवीतून देत. रोज स्वतः हजर असल्याशिवाय असला कारभार चालत नाही.

बाबांना तुरुंगवास झाला. योग्यच झालं. घर विकून ठेवीदारांचे पैसे फेडले, तेही योग्यच. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. जिन्यात आईची चाहूल लागली की शेजारच्या बायका दार लावून घेत. मी इथे अर्ज केला तेव्हा एका संचालकांनी विचारलं, त्यांच्याच मुलीला तिजोरीपाशी कशाला बसवायचं? मॅडम म्हणाल्या, तिलाही दरवर्षी रजेवर पाठवू, मग बाप कोणी का असेना. झाली माझी नेमणूक!

पुढे एकदा धीर करून विचारलं, बाबांचा राग येतो का? त्या म्हणाल्या, "राग त्या टाळ्यांचा येतो. पहिल्याच वर्षी कोणी त्यांना घरी बसवलं असतं, तर एवढं करायला त्यांना सवडच मिळाली नसती."

मंडळी, शिक्षा देणं आपल्याला जमतं. वेळेवर अडवणं म्हणजे माणसावर अविश्वास, असं का वाटतं आपल्याला? मला तर आता ती माया वाटते.

बाबा सुटून आले, त्यालाही बरीच वर्षं झाली. आज मी त्यांना बरोबर चला म्हटलं. फाटकापर्यंत आले. "आत सगळे ओळखीचे असतील गं," म्हणाले, आणि तिथेच थांबले. मॅडम, त्यांना तुमचे आभार मानायचे आहेत. न्यायालयानं दिलेली शिक्षा त्यांनी पुरती भोगली. आपण दिलेली कधी संपते, ते न्यायालयाच्या हातात नाही.

आपण मला बोलू दिलंत, मनापासून आभार. काही अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. आणि अध्यक्ष महोदय, परवानगी असेल तर मी जाऊन त्यांना आत घेऊन येते. कोणीतरी जरा सरकून त्यांना जागा कराल का?