फाटकी चटई

लोसेली : अगं नीट बस ना! गाडी काय पळून चाललीय? सारखी चुळबुळ, चुळबुळ.

लावीनिया : सकाळी सिडनीहून इथं उतरले, पुढचं टोंगाचं विमान संध्याकाळी. मधले सात तास काय करू? गप्प बसले की बाबा दिसतात. समुद्रावर ने. नाहीतर बाजारात ने. कुठंही ने.

लोसेली : आधी खा. मागे डबा आहे, अळूच्या पानातलं मटण. आणि हे एवढं लांबलचक काय गुंडाळून आणलंयस?

लावीनिया : चटई. उद्या बाबांच्या मातीला कमरेला बांधायला. हात लावून बघ, किती बारीक विणलीय. दुकानातली सगळ्यात भारी घेतली.

लोसेली : ए बाई! लग्नाला निघालीस का?

लावीनिया : का? काय झालं?

लोसेली : आपल्या टोंगात बापाच्या मातीला मुलीनं फाटकी बांधायची असते. जाडीभरडी, पार गुडघ्याखाली लोंबणारी. बारीक चटई तुझ्या आत्याची. मेलेल्याची बहीण ती, तिचा मान सगळ्यांत वर. तू ही बांधून गेलीस म्हणजे बापाच्या डोक्यावर बसलीस. आत्या सगळ्यांदेखत ओढून काढेल.

लावीनिया : बाबांसमोर?

लोसेली : बाबांसमोरच.

लावीनिया : मग फिरव गाडी! फाटकी कुठं मिळते?

लोसेली : फाटकी काय दुकानात मिळते? ती घरातच जुनी व्हावी लागते. माझ्या आईकडं आहे एक.

लावीनिया : मावशीकडं नको. तिचे फोन मी उचलले नाहीत.

लोसेली : माहितीय. शेजारी बसून मीच लावून देत होते. चार शिव्या खा आणि चटई घे.

(विमानतळाजवळची मांगेरे वस्ती. मावशीचं घर.)

मावशी : आली सिडनीची राणी! दोन विमानांच्या मधे वेळ उरला, म्हणून मावशी आठवली होय?

लावीनिया : मावशी, एक चटई हवी होती. मी भलतीच आणली.

मावशी : दिसतेय. झळाळतेय नुसती. माझी नाही मिळायची. माझ्या बापाच्या मातीला बांधलेली आहे ती.

लावीनिया : उद्याच्या पुरती दे. पाठवीन परत.

मावशी : फोन उचलत नाहीस, चटई पाठवणार!

लावीनिया : मी निदान चाललेय तरी! तू का बसलीस इथं? तुझा मेव्हणा ना तो? लहानपणी त्यानंच सांभाळलं ना तुला?

लोसेली : लावीनिया, तोंड आवर.

मावशी : बोलू दे तिला. इथं राहायचे कागद नाहीत माझ्याकडं, पोरी. इथल्या म्हाताऱ्यांचं ढुंगण धुवायला मी चालते, तेव्हा कुणाला कागद आठवत नाहीत. मेव्हण्याला माती द्यायला गेले, तर परत येऊ देणार नाहीत. मग हिला कोण? हिच्या पोरांना कोण?

लावीनिया : मला ठाऊक नव्हतं.

मावशी : फोन कशाला करत होते? तो झिजत चालला होता. म्हटलं, मला जाता येत नाही, तुला येतं. तू तरी जा.

लावीनिया : मला वाटलं, पैसे मागशील.

मावशी : हां. वाटलं असेल.

लोसेली : आई, नको ना आता.

मावशी : काय नको? रडतेय ती, रडू दे. कपाटावरून काढ ती चटई. झटकू नकोस, काड्या गळतील. आण इकडं. हात वर कर गं.

लावीनिया : मावशी, ही तुझ्या वडिलांची...

मावशी : उद्या तुझ्या वडिलांची होईल. दोर घट्ट ओढ, लोसेली.

लावीनिया : निघायला हवं का आता? उशीर होईल. किती वाजले?

मावशी : वेळ आहे. केस सोड तुझे. उद्या आत्या कापेल ना?

लोसेली : कापणारच. बाप गेला की मुलीचे कापतातच.

मावशी : मग बस इथं, माझ्या पायाशी. एकदा नीट विंचरून देते.