नव्वद मिनिटं बसणारी माणसं

नाही, पाच नाहीत. पाच धडे असतात असं कुणी सांगितलं तुम्हाला — मासिकवाल्यांनी? मग पाच भरून देणारं दुसरं कुणी बघा. बसा तरी. त्या खोक्यावर नको, त्यात सुया आहेत. तो स्टूल घ्या. माझे हात चालू राहतील, पार्सलं भरायचीत, आणि कुरियरवाला काही मासिकांसाठी थांबत नाही. काय मथळा म्हणालात? ‘हरणाऱ्या फुटबॉल क्लबाकडून ऑनलाइन व्यवसायाचे पाच धडे’. म्हणजे सदरा आधी शिवून झाला, आता त्यात मावेल असा माणूस शोधत फिरताय. शिंपी असता तर उपाशी मेला असता. माझंच चुकलं म्हणा — कुणापाशी तरी बोलून गेले की मला धंदा ग्राउंडवर कळला, आणि ते फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलं.

तुम्ही कुठल्या टीमच्या मागे? — हां, ती. वाटलंच. ती सगळ्यांचीच असते. जिंकणाऱ्या टीमच्या मागे असणं म्हणजे उतारावर सायकल — पाय हलवायचे नाहीत आणि आपणच चालवतोय असं समजायचं. आमचा क्लब दोनदा खालच्या गटात गेला. पलीकडच्या गावचे आम्हाला घसरगुंडी म्हणतात, आणि खोटं नाही म्हणत. एका वर्षी अख्ख्या मोसमात एक सामना जिंकलो, तोही समोरच्या गोलकीपरला भोवळ आली म्हणून. चार हजारांचं ग्राउंड, त्यात सहाशे माणसं. पाऊस असला की चारशे. ती चारशे मला चेहऱ्यानं माहीत आहेत — एक निवृत्त पोस्टमन, जिना चढून आला की पहिली दहा मिनिटं त्याला सामना दिसत नाही, नुसता धापा टाकतो. दोन जुळ्या बहिणी, एकमेकींशी बोलत नाहीत पण शेजारी बसतात. एक दातांचा डॉक्टर — तो रेफ्रीला जे बोलतो ना, ते ऐकल्यावर त्याच्यापुढे तोंड उघडायची माझी हिंमत झालेली नाही, दाढ दुखतेय तरी. तुमचे ते तज्ज्ञ ओरडत असतात, गिऱ्हाईक वाढवा, गिऱ्हाईक वाढवा. आधी बघा तरी पावसात कोण बसतं. तेवढंच तुमचं. बाकीचे ऊन पडलंय म्हणून आलेले असतात. — लिहिलंत? घ्या, पहिला धडा म्हणा. मला धडा वगैरे वाटला नव्हता, पाठीत गारठा वाटला होता, पण तुम्ही धडाच म्हणा.

आता हे काय विकतेय ते तरी बघून आलात का? शिलाई मशीनचे सुटे भाग. जुन्या मशीनचे. बॉबिनच्या डब्या, शटल, रबरी पट्टे, दोऱ्याचा ताण धरणारी ही एवढीशी स्प्रिंग. मशिनं बनवणाऱ्या निम्म्या कंपन्या केव्हाच गेल्या, मशिनं मात्र चालूच आहेत, कारण ती विकत घेणारी माणसं कंपन्यांसारखी उठून जात नाहीत. कुठल्या तरी गावात कुणाचं तरी मशीन एका स्प्रिंगपायी अडून बसतं, ते मला ऑनलाइन शोधून काढतात. बस, एवढाच धंदा. यात वाढ नाही, झेप नाही, ते तुमचे बाण नाहीत वर जाणारे.

दुसरा? दुसरा एका टकल्या मॅनेजरचा आहे. एकदा आम्ही सात-शून्य हरलो, घरच्या ग्राउंडवर. शिट्टी झाली की मॅनेजर लोक आत पळतात. हा पळाला नाही. चालत आमच्या बाजूला आला, कुंपणाशी उभा राहिला आणि म्हणाला, “चूक माझी. पोरांना मी चुकीच्या जागी उभं केलं.” एवढंच. मग शिव्या खाल्ल्या, सगळ्या, उभ्यानं, आणि गेला. त्याच्यानंतर एक कोटवाला आला — तो हरला की वारा, हरला की रेफ्री, हरला की गवत ओलं. गवत काय एकाच टीमला ओलं असतं? तर माझ्याकडून एकदा चाळीस जणांना चुकीचं शटल गेलं. केसभर जाड होतं. मशीनमध्ये बसतं, पण चार टाके झाले की दोरा तोडतं. धाकटा म्हणाला, गप्प बस ताई, तक्रार येईल त्यांना बदलून देऊ, बाकीच्यांना कशाला सुचवतेस. मी चाळिसांनाही लिहिलं, कुणाची तक्रार यायच्या आत. ‘चूक माझी. चुकीच्या डब्यातून काढलं. नवीन आज निघालंय, हातातलं फेकून द्या.’ त्यातले सदतीस अजून माझ्याकडूनच घेतात. हे कुठल्या तज्ज्ञानं नाही शिकवलं, टकल्यानं शिकवलं, आणि त्याला क्लबनं हाकलून दिलं, हेही लिहा. नाही तर तुमच्या वाचकांना वाटेल खरं बोललं की बक्षीस मिळतं.

धाकटा कोण म्हणजे — भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. धंदा दोघांनी काढला. मला भाग ओळखता येतात, त्याला कॉम्प्युटर येतो. क्लबाचं वेड त्याला मीच लावलं. तो पाच वर्षांचा, मी चौदाची, हात धरून ग्राउंडवर न्यायचे. मान वर करून विचारायचा, ताई, आज जिंकणार ना? मी म्हणायचे, आज नाही. त्याला तेही चालायचं तेव्हा. फोटो चांगले काढायचा, ते कबूल करते — पांढऱ्या कागदावर भाग ठेवून शेजारी आगपेटी, म्हणजे माप कळावं. पण त्याला खोड लागली गुणतक्त्याची. क्लब कितवा आणि आपलं दुकान कितवं, दिवसातून वीसदा बघायचं. हरणाऱ्या क्लबाच्या माणसानं तक्ता बघू नये हो. महिन्यातून एकदा बघावा, तोही चष्म्याशिवाय. मग क्लबनं रंग बदलला, हिरव्याचा जांभळा — नवीन लोक यावेत म्हणून. नवीन आले नाहीत, जुने दीडशे रुसून घरी बसले. मी म्हटलं, बघ. त्यानं काय बघावं? म्हणे आपणही नाव बदलू, घड्याळं विकू, मोबाइलची कव्हरं विकू. मी म्हटलं, ज्या बाईला स्प्रिंग हवीय तिला कव्हर देऊन तिची शिवण होणार आहे का.

आणि मग एका सोमवारी आमच्या दुकानाच्या पानावर एकतीस जण एकदम खूश. एका दिवसात. मी अभिप्राय वाचायला बसले. एकतीसच्या एकतीस जणांनी ‘उत्कृष्ठ’ लिहिलेलं, टच्या जागी ठ. धाकटा चौथीपासून तसंच लिहितो. मी त्याला वहीत पन्नासदा ट लिहायला लावला होता, उपयोग शून्य. मी सगळे पुसून टाकले आणि त्याला विचारलं. लाजला असता तर विषय संपला असता. म्हणाला, “ताई, सगळे करतात.” मी म्हटलं, “सगळे जिंकणाऱ्यांच्याच मागे असतात.” तर म्हणतो, “तुला हरायची चटक लागलीय. धंदा चालला तर तुलाच करमायचं नाही.” — हे मला. मी त्याला नाक पुसायला शिकवलंय.

त्या रविवारी गेलो तरी दोघं. चार-शून्यनं मागे होतो. एकोणनव्वदावं मिनिट, आणि तो उठला. आमच्या घरात कुणी शिट्टीआधी उठत नाही. वडील अंगात ताप घेऊन बसलेत, पण नव्वद मिनिटं बसलेत. मी म्हटलं, “बस.” तो म्हणाला, “एका मिनिटात काय बदलणार आहे?” आणि गेला. काही बदललं नाही, चार-शून्यच झालं, ते जाऊ द्या. पुढच्याच महिन्यात त्याचं वेगळं दुकान उघडलं. तेच भाग, माझ्याहून स्वस्त, दर आठवड्याला सवलत, आणि खाली खूश माणसांची रांग, सगळे ठ-वाले.

गेला ते बरंच झालं. — नाही, खरंच बरं झालं, तोंड असं करू नका. क्लबनं एकदा एक नावाजलेला फॉरवर्ड आणला होता, दुखऱ्या गुडघ्याचा. पोस्टरवर फार छान दिसायचा, पोस्टरवरच दिसायचा. तसं धाकट्यानं जाहिरातीत एका हसऱ्या बाईला आणलं. ती मशीनमध्ये दोरा ओवत होती, उलट्या बाजूनं. ज्यांना विकायचं ते सगळे शिंपी, अन् दोरा उलटा. त्यांनी काय हसायचं बाकी ठेवलं असेल? आणि माल कसला, पट्टे तर निव्वळ रद्दी. दोन महिन्यांत चिरतात. ते रबरच नाही, आत नुसता —

मला कसं कळलं म्हणजे — वापरून बघितला. एक. समोरच्याचा माल बघावा लागतो, धंदा आहे. — कुठे बघताय? ती फळी विकायची नाही. हो, त्याच्याच दुकानाची पाकिटं आहेत. मोजू नका. बऱ्याच दिवसांत साठलीत, उघडायला वेळ झाला नाही. — नावं वेगवेगळी आहेत, बरोबर, एक पोस्टमनचं आहे, एक जुळ्यांपैकी एकीचं, त्यांना ठाऊक नाही, पत्ता शेजारच्या ड्रायक्लीनरचा. तुम्हाला काय करायचंय हो? त्याच्या पानावर येतं ना, आज इतक्या ऑर्डर — एका दिवशी संध्याकाळ झाली तरी शून्यच होतं. मला शून्य बघवत नाही. घरच्या टीमचं तर नाहीच. मी एक पट्टा मागवला, एकचा आकडा झाला, मग झोपले. मग सवय लागली. मूर्खपणा आहे, ठाऊक आहे मला. दुसऱ्या कुणी केला असता तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. आणि अभिप्राय एकच लिहिला. खोटा नव्हता. ‘पॅकिंग व्यवस्थित.’ पॅकिंग व्यवस्थितच होतं, मी शिकवलंय. कोपऱ्यात कागद कोंबायचा, टेप दुहेरी.

अलीकडे एक पाकीट आलं, हाताला अगदीच हलकं लागलं, म्हणून उघडलं. आत भाग नव्हता. चिठ्ठी होती. ‘ताई, सामना संपला. घरी जा.’ म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं त्याला. असणारच — याच गल्लीत वाढला, ड्रायक्लीनरकडे शिलाई मशीन नाही हे त्याला कळत नाही का. ठाऊक असून पाठवत राहिला पट्टे. व्यवस्थित पॅक करून. शनिवारी मी पुन्हा ऑर्डर टाकली — हो, चिठ्ठी वाचूनसुद्धा — तर ती जाईना. पानावर आलं, हे दुकान बंद झालं आहे.

सोमवारी गेले त्याच्याकडे. का म्हणजे काय, गेले. तीन जिने आहेत. दार त्यानंच उघडलं. खोलीभर खोकी, उरलेला माल कुणाला तरी घाऊक देऊन टाकायला बांधत बसला होता. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. टेप लावत राहिला, दुहेरी. कानापाशी पांढरा झालाय, त्याच्या पानावरच्या फोटोत दिसला नव्हता तेवढा. मी दाराशी उभी. मान खालीच, म्हणाला, “काल किती?” मी म्हटलं, “दोन-शून्य.” “आपण?” म्हणाला. मी म्हटलं, “आपण हरलो.” हसला. दीड वर्षात ग्राउंडवर पाऊल ठेवलेलं नाही त्यानं, एकोणनव्वदाव्या मिनिटाला उठून गेलेला माणूस, आणि विचारतो काय — आपण.

मी एकच वाक्य पाठ करून गेले होते. ‘फोटो काढायला माणूस नाही, परत ये.’ साधं आहे की नाही? त्यात माफी नाही, रडारड नाही, आणि खरंही आहे — माझे फोटो बघितलेत ना तुम्ही, अंधारात काढल्यासारखे येतात. तीन जिने तेच म्हणत चढले. आणि तोंडातून काय निघालं, तर ‘तुझे पट्टे रद्दी होते.’ तो म्हणाला, “माहितीय.” आणि पुढचं खोकं ओढलं. मी खाली आले. चाळीस परक्या माणसांना ‘चूक माझी’ लिहिलं होतं मी एका बैठकीत.

आहे का यावर धडा तुमच्याकडे? मान काय हलवताय, मला सांगा ना, तुम्ही एवढ्या लोकांना विचारत फिरता. आणि ते फोनवरचं रेकॉर्डिंग बंद करा. आधी बंद करा, मग ऐकून घ्या. शटलचं छापा, टकल्याचं छापा, पावसाचं छापा, बाकीचं तुम्ही ऐकलेलं नाही. पाच होत नसतील तर दोन धडे म्हणा, कुणाचं काही अडत नाही. — रविवारी? रविवारी काय. सामना आहे, तीनला, घरचाच. — नाही, त्याला सांगितलेलं नाही, आणि सांगायचं काय, त्याला तारखा पाठ असतात. माझ्या शेजारची जागा रिकामी असते का हे विचारणारे तुम्ही कोण? सहाशे माणसं आहेत चार हजारांत, कुठलीही जागा रिकामीच असते. उठा आता. दार ओढून घ्या जाताना.